नावापुढची मोकळी जागा

मु. मधलीवाडी, देवरूखपासून दोन कोस आत
रविवार, दि. २० एप्रिल १९८६

तीर्थस्वरूप गंगारामकाका यांना पुतण्या बाळा याचा साष्टांग नमस्कार.

पाकिटावर तुमच्या नावापुढं मी 'श्री.' लिहिलं आहे. ते लिहिण्याआधी पाऊण तास नुसता बसून होतो. ज्या माणसाची एकोणीस वर्षं खबर नाही त्याला 'श्री.' लिहावं की 'कै.', हे शाळेत शिकवत नाहीत (शिकवलं असेल तर त्या दिवशी मी शाळेत नसेन). शेवटी विचार केला, की 'कै.' लिहिलेलं पाकीट पोस्टमन देणार कोणाच्या हातात? म्हणून 'श्री.' आहे ते पोस्टाच्या सोयीसाठी. त्यावरून आमची काही खात्री झाली आहे असं कृपा करून समजू नका.

तुमची प्रकृती उत्तम असावी. नसली तरी असावी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच अवलंबून आहे. इकडे सर्व ठीक. आप्पांचे (तुमचे थोरले बंधू, माझे वडील) गुडघे धरतात. तुम्ही लावलेला बरका फणस गडग्यापलीकडं वाकला, त्यामुळं निम्मे फणस शेजारच्यांचे झाले. तुमची कपिला गाय गेली, तिची पणती सध्या दुभती आहे आणि तशीच मारकी आहे. हौसाकाकीची प्रकृती चांगली आहे. फक्त ती एका जागी अडकून बसली आहे, परिशिष्ट 'ब', अनुक्रमांक सतरा इथं. ते काय आहे ते सांगण्यासाठीच हे पत्र.

तुम्ही मला ओळखणार नाही. कोयनेच्या भूकंपाच्या साली तुम्ही मुंबईला म्हणून गेलात तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. तुमचा पत्ता कसा मिळाला, तर लांज्याच्या स्टँडवर काशीराम म्हणून एक ट्रकवाला भेटला. (मी तेव्हा लांज्याला काजूच्या कारखान्यात होतो. काजू सोलून बोटांची सालं गेली म्हणून सोडलं. त्याआधी रत्नागिरीला हॉटेलात होतो, तिथून सर्कस बघायला गेलो तो परत गेलोच नाही.) काशीराम म्हणाला, उरणला मिठागरावर आपल्याकडचा एक माणूस आहे, कोणाशी बोलत नाही, पण शिंक आली की "पावणाय माझे!" म्हणतो. आता पावणाई ही आमच्या गावची देवी. शिंकताना तिचं नाव घेणारा माणूस आमच्या घराण्यातच सापडतो. आजोबा घ्यायचे, आप्पा घेतात, मीही घेतो. तेवढ्यावर हे पत्र मिठागराच्या चहावाल्याच्या पत्त्यावर पाठवत आहे. तुम्ही आमचे काका नसून दुसरेच कोणी असाल, तर तसदीबद्दल माफी असावी, पण मग त्या शिंकेचा तेवढा खुलासा करावा.

आता मुद्द्यावर येतो. काजूनंतर मी गणपतीपुळ्याला एका नारळाच्या दुकानात राहिलो. तिथं एक बाई रोज देवळासमोर वही घेऊन बसायच्या आणि आत जाणाऱ्या बायका रेघा मारून मोजायच्या. तीन दिवस मी बघितलं. चौथ्या दिवशी राहवलं नाही. म्हटलं, बाई, आत जाणाऱ्या मोजताय, पण सुरूच्या सावलीत घरच्यांच्या चपला सांभाळत बसलेल्या मोजल्यात का? इतक्या लांबून देवाला आल्या आणि नेमक्या त्याच दिवसांत आल्या म्हणून बाहेर बसल्या, अशा रोज आठ-दहा असतात. माझ्याकडून त्या नारळ घेतात आणि दुसऱ्याच्या हातानं आत पाठवतात. बाईंनी वही मिटली आणि माझं नाव विचारलं. त्या दमयंतीताई. रत्नागिरीच्या, आंबेवाल्यांच्या घरातल्या, कॉलेजात शिकवतात, वय चौतीस, लग्न केलेलं नाही. त्या पीएच.डी. करत होत्या. पीएच.डी. म्हणजे औषधाची डॉक्टरी नव्हे, हे मी वाडीत फिरून सांगितलं, तरी आप्पांनी त्यांना गुडघा दाखवलाच. ताईंनी बघितला आणि गुडघा आहे म्हणून सांगितलं.

त्यांचा विषय होता 'ग्रामदेवतेच्या उपासनेत स्त्रियांचे स्थान'. त्यांच्या पुण्याच्या सरांनी आधीच लिहिलं होतं, की हे स्थान देवळाच्या पायरीखाली उजव्या हाताला आहे, ते एका ओळीत संपतं, उरलेल्या तीनशे पानांत काय लिहिणार? सर विद्वान आहेत, खोटं काही बोलले नव्हते. आपल्याकडं गाऱ्हाणं घालणार पुरुष, पालखी नाचवणार पुरुष, देवीला कौल लावणार गुरव. बाईला देवीकडं काही विचारायचं तर तिच्या वतीनं नवरा, दीर, मुलगा, कोणीतरी उभा राहायला लागतो. देवी बाई आहे, पण तिलाही बहुधा सवय झाली आहे. तरी ताईंचं म्हणणं, की बाया एवढी वर्षं नुसत्या पायरीखाली गप्प बसल्या असतील हे पटत नाही. म्हणून त्यांनी सायक्लोस्टाइल केलेले फॉर्म माझ्याकडं दिले आणि मला घरोघरी पाठवलं.

काका, इथं माझ्या हातून जी चूक झाली ती मी लपवत नाही. फॉर्मात वरती होतं, 'घर : मातीचे / चिऱ्याचे'. त्याखाली 'माणसे'. त्याखाली 'कौल'. तुम्हीच सांगा, घराखाली कौल आल्यावर कोणालाही काय वाटेल? देवाचा कौल सायक्लोस्टाइलवर कोण कशाला विचारील? मी सरळ छपराची कौलं धरून चाललो. 'कौल कोण लावतो?' याच्यापुढं लिहिलं, रामा सुतार. 'वर्षातून किती वेळा?' याच्यापुढं, एकदा, पावसाआधी शाकारणीला. 'उजवा की डावा?' यापाशी थोडा अडलो, पण लोकांनीच वाट दाखवली. उजव्या अंगानं गळतं, डाव्या अंगानं गळतं, हे ज्याचं त्याला माहीत असतं. 'स्त्रियांसाठी वेगळा आहे का?' यापुढं न्हाणीघरावरची कौलं मोजून आकडा टाकला. दुसऱ्या दिवशी वाडीत बातमी झाली, की सरकार कौलं वाटणार. मग फॉर्म भरायला माझ्यामागं लोक लागले. ज्यांच्या घरावर गवत होतं त्यांनीही दोनदोनशे कौलं फुटल्याचं लिहून घेतलं. तीन वाड्यांत एकसष्ट घरं झाली. इतकं मन लावून मी आयुष्यात दुसरं काम केलेलं नाही.

बासष्टावं घर आपलंच, मागची खोपी, जिथं तुम्ही गेल्यापासून काकी एकटी राहते. मी खळ्यात उभा राहून विचारलं, काकी, कौल कोण लावतो? पुरुष लगेच सांगतात, ती सूप पाखडत राहिली. विचारलं, बायकांसाठी वेगळा आहे? तिनं हातातलं सूप खाली ठेवलं, इकडंतिकडं बघितलं आणि मला मागीलदारी घेऊन गेली. तिथं अबोलीच्या वाफ्यात एक फुटकं मंगलोरी कौल उभं करून ठेवलेलं होतं. त्याला हळदीचं एक बोट लावलेलं.

"कोणी सांगितलान तुला?" ती म्हणाली.

मी म्हटलं, कोणी नाय, फॉर्मात आहे. त्यावर ती जी हबकली! तिला वाटलं, ही गोष्ट पुण्यापर्यंत छापून गेली.

तर काका, ते असं आहे. आपल्या वाडीतल्या बायका तुम्ही असल्यापासून (कदाचित तुमच्या आजीच्याही आधीपासून) मागीलदारी फुटक्या कौलाला कौल लावतात. कौल धुवायचं, दोन अंगांना पाण्यानं अबोलीची एकेक पाकळी चिकटवायची, मनात पावणाईला विचारायचं. उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाय. गुरव नको, गाऱ्हाणं नको, कोणाचा नवरा नको. मुलीला कुठं द्यावी, मुंबईच्या पत्रात दुखणं खरं लिहिलंय का, म्हशीला कुठल्या वैद्याकडं न्यावी, सगळं तिथं विचारून झालेलं असतं आणि मग पुरुष आंघोळ करून देवळात जातात. मी म्हटलं, काकी, एवढं सगळं विचारलंस, मग काकांचं काय? जिवंत आहेत की नाहीत, ते कधी विचारलंस नाय?

ती पाकळ्या वेचत होती. म्हणाली, "डावी पडली असती तर?"

मग वेचलेल्या पाकळ्या ओच्यात टाकल्या आणि म्हणाली, "आणि उजवी पडली असती, तर रोज उठून पाणंदीकडं बघत बसायला लागलं असतं. ता तरी कुठं सुखाचा?"

मला फॉर्मात हे कुठं लिहावं ते सुचेना. शेवटी 'इतर माहिती' खाली लिहिलं. जागा पुरली नाही.

सगळे फॉर्म मी ताईंना रत्नागिरीला नेऊन दिले. त्यांनी एकसष्ट घरांची कौलं वाचली आणि डोकं धरून बसल्या. मी म्हटलं, आकडे चुकले असतील तर परत मोजून येतो. त्यांनी मला हातानंच बसवलं. मग बासष्टावा वाचला, पुन्हा वाचला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं मधलीवाडीत हजर. काकीनं त्यांना आधी दोन तास ताक आणि गप्पा यांच्यावर ठेवलं, मग मागीलदारी नेलं. मला गडग्याबाहेर उभं केलं. त्या दिवसापासून ताई सात वाड्या फिरल्या आणि तेवीस बायका त्यांच्याशी बोलल्या. सरांनी पुण्याहून लिहिलं, की आता तीनशे पानं कमी पडतील.

पण गोष्ट आप्पांच्या कानावर गेली. तुम्हाला आप्पा माहीत आहेत. (ते काकीशी समोरासमोर बोलत नाहीत, दाराच्या चौकटीशी बोलतात.) खळ्यात उभे राहून गरजले, की बायका देवीला परस्पर विचारणार असतील तर आम्ही मानकरी कशाला, पालखीला खांदा द्यायला? काकी दारामागून म्हणाली, "भावोजी, तुमच्या गुडघ्याची सूज कोणाला विचारून लावलेल्या तेलानं उतरली ता आधी वैनीस विचारा." आप्पांनी आईकडं बघितलं. आई भाकरी थापत होती. म्हणाली, "मी सगळा विचारूनच करते हो. लग्न तेवढा विचारल्याशिवाय केला." वाडीत हे वाक्य अजून चालू आहे.

आप्पांनी मग शिमग्याच्या आधी गावाला देवळात जमवलं. प्रश्न एकच, बायकांनी मागीलदारी कौल लावावा का न लावावा, याचा देवीनंच निवाडा द्यावा. आप्पांनी गाऱ्हाणं घातलं, सगळ्यांनी "होय महाराजा" केलं, गुरवानं पाकळ्या लावल्या. आणि काका, पाकळ्या पडेनात. एक तास गेला, दोन गेले. आप्पांनी प्रश्न उलटा करून विचारला, सुलटा करून विचारला. ऊन माथ्यावर आलं. एरवी जेवायला हाका मारणाऱ्या बायकांपैकी एकीनंही त्या दिवशी हाक मारली नाही. पायरीखाली उजव्या हाताला सगळ्या बसलेल्या, अगदी गप्प. शेवटी आप्पा म्हणाले, देवीला विचाराला वेळ द्यायला हवा, आणि लंगडत घरी गेले. निवाडा अजून यायचा आहे. कौल अबोलीच्या वाफ्यात आहे.

आता अडचण. प्रबंध पुरा झाला. तीस एप्रिलच्या आत पुण्याला दाखल करायचा आहे, नाहीतर ताईंची मुदत संपते आणि चार वर्षं पाण्यात. टायपिंगला रत्नागिरीला स्टँडामागं हरिहर म्हणून आहेत त्यांच्याकडं दिला. फार काटेकोर माणूस. शेवटी परिशिष्ट 'ब' मध्ये माहिती सांगणाऱ्या तेवीस बायकांची नावं आहेत. सोळा झाली. सतराव्या नावाशी हरिहरांनी मशीन थांबवलं आणि मला विचारलं, 'सौ.' की 'श्रीमती'?

मी म्हटलं, नुसतं हौसा लिहा. ते म्हणाले, तसं होत नाही. बावीस जणींच्या नावापुढं काहीतरी आहे. एकीच्या पुढं मोकळी जागा दिसली तर परीक्षक म्हणतील टंकदोष, आणि माझ्या हातून बत्तीस वर्षांत टंकदोष झालेला नाही. ताईंनी सांगून बघितलं. त्यांनाही हरिहरांनी पहिलं पान दाखवलं, त्यावर त्यांच्या नावापुढं 'कु.' टाइप केलेलं होतं. मी मशीनकडं बघत राहिलो आणि पहिल्यांदा कळलं, की काकी एकोणीस वर्षं त्याच जागेवर उभी आहे. हळदीकुंकवाला बायका तिला हळद लावतात आणि कुंकवाला त्यांचा हात अडखळतो. सवाष्णी गौरीपुढं सुपं नेतात त्या ओवशाला तिचंही सूप भरलेलं असतं, पण ती ते रांगेत नेत नाही, सगळ्या गेल्या की नेते. कुंकू लावते, आणि बाहेर पडताना पदर कपाळावर ओढून घेते, म्हणजे ज्यानं त्यानं आपलं समजावं. सधवा म्हणावी तर तुम्ही नाही, विधवा म्हणावी तर तुमची खबर नाही. हे सगळं मला रोज दिसत होतं, पण त्याला सायक्लोस्टाइलवर रकाना नव्हता.

म्हणून हात जोडून विनंती. 'सौ.' लिहायचं तर तुम्ही असायला हवं. 'श्रीमती' लिहायचं तर नसायला हवं. बाकी तुमच्याबद्दल आमचं काही मागणं नाही. तुम्ही तिकडं दुसरं बिऱ्हाड केलं असेल, केलं नसेल, इकडं कधी यायचं मनात असेल, नसेल, ते परिशिष्टात येत नाही. सोबत पत्ता घातलेलं कोरं कार्ड जोडलं आहे. त्यावर 'आहे' एवढा शब्द लिहून टाकावा. नसाल, तर ज्यांनी हे पाकीट फोडलं असेल त्यांनी तसं कळवावं. कार्ड अठ्ठावीसपर्यंत पोचलं तर बरं, हरिहर एकोणतीसला संध्याकाळी मशीन झाकतात.

मोठ्यांना नमस्कार (तिकडं कोणी असतील तर), लहानांना आशीर्वाद (तसेच).

आपला आज्ञाधारक
बाळा

ता. क. पाकीट बंद करणार तेवढ्यात काकी आली. काय लिहितोस म्हणाली. मी खोटं बोलू शकलो नाही, सगळं वाचून दाखवलं. तिनं मध्ये एकदाच थांबवलं, कपिलेच्या पणतीपाशी, आणि ती पणती नसून नात आहे असं सांगितलं. दुरुस्ती करून वाचावं.

ता. क. दुसरा. वाचून झाल्यावर ती मागीलदारी गेली. मला गडग्याबाहेर उभं केलं. परत आल्यावर म्हणाली, "विचारलं." म्हटलं, काका आहेत की नाहीत ते? म्हणाली, "नाय रे मेल्या. नावापुढं काय लागतंय का, एवढंच विचारलं. डावी पडली. चटदिशी." मी तसाच सायकलनं देवरूखला आणि तिथून एस.टी.नं रत्नागिरीला गेलो. हरिहरांना सांगितलं, की हा टंकदोष नाही, कौल आहे, तुम्ही काही करू शकत नाही. त्यांनी चष्मा पुसला आणि टाइप केलं, '१७. हौसा, मधलीवाडी'. ताई शेजारी उभ्या होत्या. त्यांनी पहिलं पान मागून घेतलं आणि ते पुन्हा टाइप करायला दिलं. 'कु.' गेलं. हरिहर म्हणाले, एका दिवसात दोन. पण केलं.

ता. क. तिसरा. तेव्हा आता तुमच्या उत्तराची जरूर राहिलेली नाही. मी पत्र फाडत होतो, तर काकी म्हणाली, "फाडू नको, एवढं लिहिलंस तर टाक. कार्ड तेवढं काढ. उत्तर मागितलं की वाट बघायला लागते." कार्ड काढून घेतलं आहे. वर 'सोबत कार्ड' असं वाचून पाकिटात शोधत बसू नका.

ता. क. शेवटचा. हे पेटीत टाकायला निघालो तर काकी पाणंदीपर्यंत आली आणि निरोप सांगितला, तो जसाच्या तसा लिहितो. कधी आलात तर पुढच्या दारानं यावं. मागीलदारी आता बाप्यांना यायची बंदी आहे. तुम्हाला त्या कौलाला काही विचारायचंच असलं, तर तुम्हाला स्वतःला लावता येणार नाही, तुमच्या वतीनं एखादी बाई उभी राहायला लागेल. ती उभी राहणार का, हे मी विचारलं. ती म्हणाली, "ता तेव्हा कौलाला विचारीन."